‘मूळ रूप’ नावाचे थोतांड : एका इंग्लिश शेतघराची उलटतपासणी

१/
इंग्लंडमधल्या जुन्या शेतघरांची छायाचित्रे इकडे वरचेवर फिरत असतात. काळ्या तुळया, पांढऱ्या भिंती, उतरते छप्पर, दारापुढे गुलाब. आणि खाली ठरलेली ओळ, ‘सहाशे वर्षे जसेच्या तसे!’ हा धागा त्या ओळीविरुद्ध आहे. ज्या घरात माणसे सहाशे वर्षे राहिली, ते जसेच्या तसे राहत नाही. जे तसे दिसते, त्यातले बरेच काही अलीकडच्या काळात कोणीतरी काढून टाकलेले असते. काय काढले, कोणी काढले आणि त्याबरोबर कोणाचा इतिहास गेला, ते पाहू.

२/
आधी शब्दाविषयी. ‘फार्महाऊस’ म्हटले की आपल्यापुढे कर्जत-मुळशीकडचा शनिवार-रविवारचा बंगला उभा राहतो. तो क्षणभर विसरावा. येथे अभिप्रेत आहे ते कसणाऱ्या कुटुंबाचे राहते घर, ज्यात मालक, बायकामुले, गडी आणि मोलकरणी एकाच छपराखाली राहत, दूधदुभते सांभाळत आणि धान्याची बेगमी करीत. म्हणून येथे ‘शेतघर’ हा साधा शब्द वापरतो.

३/
उलटतपासणीसाठी एकच साक्षीदार पुरेसा आहे. नाव बेलीफ (कोर्टाच्या बेलिफाशी संबंध नाही). मूळ ठिकाण केंट परगण्यातील चिडिंगस्टोन. १९६०च्या दशकाच्या अखेरीस तेथे बो बीच जलाशयाचे काम निघाले आणि हे घर पाण्याखाली जाणार हे ठरले. १९६८-६९ मध्ये ते सांगाड्यासकट सुटे केले गेले आणि पुढे ससेक्समधील सिंगलटन येथे, वील्ड अँड डाउनलँड या खुल्या संग्रहालयात पुन्हा उभारले गेले. या संग्रहालयाचे प्रवर्तक रॉय आर्मस्ट्राँग. आज इंग्लंडचे ‘मध्ययुगीन शेतघर’ पाहायला जाणारा माणूस बहुधा याच दारातून आत शिरतो.

४/
एवढे मोठे घर सुटे करता येते, याचे कारण त्याच्या बांधणीतच आहे. ओकचे लाकूड ओले असतानाच कापायचे. एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवायचे आणि आरपार लाकडी खुंटी ठोकायची. सांगाड्यात खिळ्याचे काम जवळजवळ नाही. सुतार चौकटी आधी जमिनीवर जुळवून पाहत, प्रत्येक सांध्यावर रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरत, मग त्या सोडवून जागेवर नेऊन उभ्या करीत. भिंती वजन पेलतच नाहीत. चौकटीच्या मोकळ्या भागात काटक्यांचा कूड विणून त्यावर माती, शेण आणि गवत यांचा गिलावा चढवला जाई. कोकणातल्या वा मावळातल्या वाचकाला कुडाची भिंत समजावून सांगण्याची गरज नाही.

५/
आता आराखडा. बेलीफ हे ‘वीलडन’ पद्धतीचे घर आहे. केंट आणि ससेक्समध्ये अशी घरे पुष्कळ. मध्यभागी जमिनीपासून आढ्यापर्यंत उघडे, दोन खणांचे दालन. दोन्ही टोकांना दुमजली भाग, ज्यांचे वरचे मजले दर्शनी बाजूस थोडे पुढे झुकलेले. छप्पर मात्र सलग एकच. त्यामुळे मधले दालन समोरून आत ओढल्यासारखे दिसते आणि त्याच्यापुढची छपराची कड वक्र आधारांवर तोललेली असते. एका टोकाला पेयांची आणि खाद्यपदार्थांची अशा दोन कोठ्या; दुसऱ्या टोकाला मालकाची बैठकीची खोली आणि वर निजघर. निजघराला भिंतीबाहेर काढलेला शौचकूपही आहे. खिडक्यांना काच नाही. ओकचे उभे गज आणि आतून झडपा, एवढेच.

६/
दालनाच्या मध्यावर उघडी चूल. धुराडे नाही. धूर वर चढायचा, आढ्याखाली घोटाळायचा आणि कौलांच्या सांदीतून वाट काढायचा. अशा घरांच्या छपरात आजही वाशांवर, आणि तुळईच्या मध्यावर उभ्या असलेल्या ‘क्राउन-पोस्ट’ या खांबावर, काजळीचा जाड थर सापडतो. वास्तुसंशोधकासाठी तो थर म्हणजे दस्तऐवज असतो. माळ्यावर चढून पाहावे: वासे काळे असतील, तर खाली कधीकाळी उघडे दालन होते. मालकाकडे कागदपत्र असो वा नसो.

७/
येथेच ‘मूळ रूपा’ला पहिला तडा जातो. लाकडातील वृक्षवलये मोजून काढलेला काळ असा: दालन आणि कोठ्यांचे टोक १४०५ ते १४३० च्या दरम्यानचे, तर मालकाच्या खोल्यांचे टोक १५०५-१० च्या सुमाराचे. दोन भागांत किमान पाऊणशे वर्षांचे अंतर आहे! समोरून एकसंध आणि सममित दिसणारा हा चेहरा पूर्ण व्हायला दोन-तीन पिढ्या गेल्या. मग यातले ‘मूळ’ कोणते? १४३० चे की १५१० चे?

८/
संग्रहालयाने याचे उत्तर दिले आहे: १५४०. त्या सुमाराचे घर म्हणून त्याची मांडणी केली आहे. टेबले, बाके, पलंग, भांडी हे सारे त्या काळच्या नमुन्यांवरून मुद्दाम घडवून घेतलेले. काम अतिशय अभ्यासपूर्ण आहे, याविषयी दुमत नाही. पण १५४० हे वर्ष निवडावे लागले, आणि ते निवडणारी माणसे विसाव्या शतकातली होती. निवड म्हटली की काहीतरी वगळणे आलेच.

९/
वगळले काय? प्रामुख्याने धुराडे. मधल्या शतकांत या घरात विटांचे धुराडे आले होते आणि उघड्या दालनाच्या पोटात मजला पडला होता. पुनर्उभारणीत ते दोन्ही आले नाहीत. दालन पुन्हा आढ्यापर्यंत उघडे झाले आणि चूल पुन्हा जमिनीच्या मध्यावर आली. पाहणारा वर मान करून भारावतो. त्याच्या डोक्यावर एकेकाळी खोल्या होत्या आणि त्यांत माणसे झोपत होती, हे ती हवा त्याला सांगत नाही.

१०/
‘एक धुराडे गेले, त्यात काय मोठे?’ असे कोणी विचारील. इंग्लिश शेतघराच्या इतिहासात धुराड्याएवढा मोठा बदल दुसरा नाही. विल्यम हॅरिसन हा एसेक्समधील रॅडविंटर गावचा पाद्री. त्याचे इंग्लंडवर्णन १५७७ साली छापले गेले. गावातील वृद्धांनी आपल्या हयातीत झालेले तीन थक्क करणारे बदल त्याला सांगितले: धुराड्यांची संख्या वाढली, पेंढ्याच्या अंथरुणाऐवजी गादी-उशी आली, लाकडी भांड्यांच्या जागी कथिलाच्या मिश्रधातूची भांडी आली. पहिला मान धुराड्याचा! गंमत म्हणजे हाच हॅरिसन दुसरीकडे कुरकुरतो, की धूर होता तेव्हा घराची लाकडे टणक होत आणि माणसांना पडसे होत नसे. ‘आमच्या वेळी असे नव्हते’ हे म्हणणे सर्व देशांत, सर्व काळी ऐकू येते.

११/
धुराड्याने घर कसे बदलते, ते पाहा. धूर एका नळीत कोंडला की दालन उघडे ठेवण्याचे कारण संपते. मग त्यावर मजला घालता येतो आणि त्याच छपराखाली आणखी एक खोली मिळते. एकाच धुराड्याला दोन्ही बाजूंनी चुली जोडल्या की बैठकीची खोलीही उबदार होते. आधी मालक, बायको, मुले, गडी हे सारे एकाच आगीभोवती बसत होते. आता दार लावून बसता येते. खासगीपणा नावाची गोष्ट शेतकऱ्याच्या घरात विटांच्या नळीवाटे शिरली, असे म्हणायला हरकत नाही.

१२/
याच संग्रहालयात पेंडीन नावाचे दुसरे शेतघर आहे. मूळ मिडहर्स्टजवळचे, १६०९ चे. त्यात विटांचे धुराडे आरंभापासून घराच्या मधोमध उभे आहे आणि उघडे दालन मुळी नाहीच. खालीवर सगळीकडे खोल्या. बेलीफ आणि पेंडीन पाठोपाठ पाहिली तर दोन वेगळ्या जगांत पाऊल टाकल्यासारखे वाटते. पण एका जगातून दुसऱ्यात कुटुंबे गेली कशी? बहुतेकांनी जुने घर पाडले नाही. जुन्या दालनातच धुराडे घुसवले, मजला टाकला आणि संसार चालू ठेवला. म्हणजे संक्रमणाचा खरा पुरावा बेलीफच्या वगळलेल्या भागात होता.

१३/
या बदलावर विद्वानांत वादही झाला आहे. डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५३ मध्ये सिद्धान्त मांडला की १५७० ते १६४० या काळात ग्रामीण इंग्लंड मोठ्या प्रमाणावर पुन्हा बांधले गेले. शेतमालाचे भाव चढत होते, जमिनीचा खंड मात्र अनेकांचा जुना, ठरलेला होता. मधला नफा ‘योमन’ म्हणजे सधन शेतकऱ्याच्या हाती राहिला आणि तो घरात ओतला गेला. १९७७ मध्ये आर. मॅचिन यांनी यास आक्षेप घेतला: अशी एकच लाट नव्हती, वेगवेगळ्या प्रदेशांत ती वेगवेगळ्या वेळी आली आणि बांधकामाचा जोर १७व्या शतकाच्या उत्तरार्धातही होता. हा वाद चालतो कशाच्या बळावर? मागाहून घातलेली धुराडी, मागाहून पडलेले मजले आणि त्यांच्या तारखा, यांच्या. ज्या भागाला ‘मागाहूनची भर’ म्हणून झटकायचे, त्यावरच इतिहासलेखन उभे आहे.

१४/
धुराड्याच्या आसपास आणखीही काही सापडते. जुन्या घरांची दुरुस्ती करताना धुराड्याच्या पोकळीत लपवलेला एखादा झिजका जोडा मिळतो. असे इतके मिळाले आहेत, की नॉर्थॅम्प्टनच्या संग्रहालयात त्यांची खास नोंदवही ठेवलेली आहे. चुलीवरच्या तुळईवर मेणबत्तीच्या ज्योतीने मुद्दाम पाडलेले डाग दिसतात, कंपासाने कोरलेली फुले दिसतात. घरात अशुभ शिरू नये म्हणून हे केले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. लिहिता न येणाऱ्या माणसांनी घरावर ठेवलेल्या या नोंदी आहेत. धुराडे ‘मूळचे नाही’ म्हणून उतरवले की त्याही उतरतात.

१५/
आतापर्यंत संग्रहालयाविषयी बोललो, जिथे निदान अभ्यास आहे. आता पैसेवाल्यांच्या हौसेकडे वळू. ससेक्समधील नॉर्थियम येथील ग्रेट डिक्स्टर. १५व्या शतकाच्या मध्यावरचे भव्य दालन असलेले हे घर पुढे खालावत शेतघर झाले. दालनात मजले पडले, आडभिंती आल्या. १९१० मध्ये मुद्रण व्यवसायात पैसा मिळवलेल्या नॅथॅनियल लॉइड यांनी ते विकत घेतले आणि एका वास्तुविशारदाला बोलावले: एडविन लटयन्स. होय, तोच. दोन वर्षांनी नव्या दिल्लीच्या आखणीसाठी ज्याची निवड झाली, तो.

१६/
लटयन्सने दालनातले मजले आणि आडभिंती काढून ते आढ्यापर्यंत मोकळे केले. पण लॉइड कुटुंबाला घर अपुरे पडत होते. तेव्हा केंटमधील बेनेंडन येथे मोडकळीस आलेले, १६व्या शतकारंभीचे एका योमनाचे घर विकत घेतले, तुळयांवर क्रमांक टाकून ते सुटे केले आणि डिक्स्टरला आणून जोडले. दोहोंच्या मध्ये लटयन्सचे स्वतःचे नवे बांधकाम. रचना देखणी आहे, हे मान्यच करावे लागते. तथापि आज तेथे फिरणाऱ्या अनेकांना ते ‘एक प्राचीन घर’ वाटते. ते तीन भिन्न गोष्टींचे १९१२ साली पुरे झालेले जोडकाम आहे!

१७/
माझा खरा आक्षेप आता सांगतो. १८व्या-१९व्या शतकांत अशी कित्येक मोठी शेतघरे दुय्यम झाली. मालक नव्या घरात गेला आणि जुन्याचे तुकडे करून त्यांत शेतमजुरांची कुटुंबे राहिली. त्या आडभिंती, ते अरुंद जिने, ते ओतीव लोखंडाचे चुलाणे त्यांचे होते. मग श्रीमंत ग्राहक येतो आणि घर ‘मूळ रूपात’ आणतो. १५व्या शतकातला सधन योमन राहतो. १९व्या शतकातला मजूर कचऱ्याच्या गाडीतून जातो. ‘मूळ’ हा शब्द कालगणनेचा वाटतो, पण त्यात वर्गाची निवड दडलेली असते. ज्याची तुळई जाड, त्याचाच इतिहास जपायचा का?

१८/
रंगाचेही तसेच. छायाचित्रांतला तो ठसठशीत काळा-पांढरा विरोध ‘ट्यूडर’ समजला जातो. दक्षिण-पूर्व इंग्लंडमध्ये ओकची लाकडे सर्वसाधारणपणे तशीच सोडत. ऊनपावसाने ती रुपेरी करडी होत. कुठे लाकूड-कूड न पाहता सगळ्यावर एकच चुना फासत. डांबर वा काळा रंग लावून चौकट उठावदार करण्याची चाल बव्हंशी १९व्या शतकाची. म्हणजे ज्या गोष्टीवरून आपण घर ‘अस्सल’ ठरवतो, तीच व्हिक्टोरियाकालीन रंगरंगोटी निघते. (आणि ‘या तुळया जुन्या जहाजांच्या आहेत’ ही प्रत्येक गावात ऐकू येणारी दंतकथा. १९२० मध्ये रेंडेल हॅरिस या विद्वानाने बकिंगहॅमशरमधील जॉर्डन्स येथील एका शेतावरचे धान्यकोठार थेट ‘मेफ्लॉवर’ जहाजाच्या लाकडांचे ठरवले होते. तुळईत बिनकामाची खाच दिसली तर ते लाकूड बहुधा आधीच्या एखाद्या घरातले असते. समुद्रापर्यंत जाण्याचे कारण नाही.)

१९/
हा आक्षेप काही मी शोधून काढलेला नाही. चर्चच्या इमारतींवरील पुढच्या शतकांची भर खरवडून ‘शुद्ध’ गॉथिक रूप काढण्याची टूम व्हिक्टोरियाकाळात बोकाळली होती. तिच्याविरुद्ध विल्यम मॉरिस आणि फिलिप वेब यांनी १८७७ मध्ये प्राचीन इमारतींच्या संरक्षणासाठी संस्था काढली. तिचे टोपणनावच ‘अँटी-स्क्रेप’, म्हणजे खरवडविरोधी. तिचे म्हणणे सरळ होते: इमारतीवरचा प्रत्येक काळाचा थर तिचाच आहे, पडझड रोखा, दुरुस्ती करा, पण गेलेला काळ नकली रूपात परत आणू नका. मॉरिसचे स्वतःचे आवडते घर, ऑक्सफर्डशरमधील केल्मस्कॉट मॅनर, नावाने मॅनर असले तरी वस्तुतः टर्नर नामक शेतकरी कुटुंबाचे दगडी शेतघर होते. त्याला १७व्या शतकात जोडलेला भाग आहे. मॉरिसने तो ‘मागाहूनचा’ म्हणून पाडला नाही. त्याला तशी इच्छाही झाली नाही.

२०/
आता प्रतिपक्षाची बाजू. ‘बेलीफ वाचवले नसते तर आज त्यावर पाणी असते.’ खरे आहे, आणि त्यासाठी त्या माणसांचे ऋण मानावे तेवढे थोडे. ‘मागची भर काढल्यावाचून आतली चौकट नीट कळलीच नसती.’ हेही पुष्कळ अंशी खरे. ‘शाळकरी मुलाला सहा शतके एकदम दाखवता येत नाहीत, एक वर्ष निवडावेच लागते.’ येथे मात्र मी अडतो. मुलांना एवढे कमी लेखू नये. झाडाच्या खोडातली वलये त्यांना दाखवता येतात, तर घरातलीही दाखवता येतील. दालनाच्या एका खणात धुराडे ठेवता आले असते आणि दुसरा खण उघडा. ते दिसायला अवघड झाले असते, छायाचित्र बिघडले असते. पण घराचे वय एका नजरेत कळले असते.

२१/
आणि ज्या घराला वाचवताना निवड करावीच लागली, तिथे ती निवड दारावर लिहावी: हे १५४० चे घर नव्हे, हे विसाव्या शतकातील माणसांनी १५४० विषयी केलेले विधान आहे, पुराव्यानिशी केलेले, पण विधानच. इतके लिहिण्याने पाहणाऱ्याचा आनंद कमी होत नाही. उलट तो वासे बघू लागतो, सांध्यांवरच्या खुणा शोधू लागतो, रिकामी खाच दिसली की ‘येथे काय होते?’ असे विचारतो. ‘सहाशे वर्षे जसेच्या तसे’ या ओळीने नेमका हाच प्रश्न मारला जातो.

२२/
विधान बदलते याचा पुरावा त्याच आवारात उभा आहे. बो बीचच्या त्याच जलाशयातून वाचवलेली आणखी एक इमारत, विंकहर्स्ट. संग्रहालयाने आरंभी ती लहानसे मध्ययुगीन राहते घर म्हणून उभी केली आणि लोक तसे समजूनच ती पाहत राहिले. पुढे अधिक अभ्यासाअंती मत पालटले: हे घर नव्हेच, एका मोठ्या घराचे स्वयंपाकघर असावे. मग तो सांगाडा पुन्हा सुटा केला गेला आणि संग्रहालयातच दुसऱ्या जागी, नव्या अर्थासह उभा राहिला. आता तेथे ट्यूडरकालीन पद्धतीने पाव भाजला जातो, आणि वाशांवर नवी काजळी धरते आहे.